तिच्या कागदावर आपला ब्रश नको

पत्र कोल्हापूरच्या उपनगरात राहणाऱ्या एका आईचं आहे. मुलगी २७ वर्षांची, तिला डाऊन सिंड्रोम आहे, म्हणजे जन्मजात बौद्धिक दिव्यांगत्व. विशेष शाळा झाली, नंतर चार वर्षं कर्मशाळेत तिनं कागदी पिशव्या केल्या. कोरोनात कर्मशाळा बंद पडली आणि तेव्हापासून ती घरीच आहे. अंघोळ, जेवण, कपड्यांच्या घड्या स्वतः करते, पण रस्ता एकटी ओलांडत नाही. रंगांची आवड आहे. राजारामपुरीत एका शिक्षिकेनं प्रौढ दिव्यांगांसाठी आठवड्यातून दोन दिवस चित्र आणि मातीकामाचा वर्ग सुरू केलाय. फी महिना १२०० रुपये. थोरला मुलगा म्हणतो, "रंग फासून पोट भरणाराय का? त्यापेक्षा पापड पॅकिंगला बसव, चार पैसे तरी येतील." आईनं वर्गात बसायचं नाही, अशी शिक्षिकेची अट आहे आणि ती आईला लागली आहे. गेल्या दिवाळीत मायलेकींनी ४० पणत्या रंगवून अपार्टमेंटमध्ये विकायला ठेवायचं ठरवलं होतं. आईनं त्यांवर काढलेले सोनेरी ठिपके मुलीनं आदल्या रात्री निळ्या रंगानं पुसून टाकले. आई विचारते, "इतकं शिकवूनही हिला कळत नसेल तर फी घालवायची कशाला? आणि आमच्या माघारी हिचं काय, हे या रंगांनी सुटणार आहे का?"

ताई,

पणत्यांची गोष्ट तुम्ही तक्रार म्हणून लिहिलीत, पण मी पत्रातल्या त्याच चार ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. पणत्या खराब करायच्या असत्या तर तिनं त्या फोडल्या असत्या. तिनं रंगवल्या. तुम्ही झोपेपर्यंत ती थांबली, निळा रंग शोधला, त्याचं झाकण उघडलं, आणि एक-दोन नव्हे, चाळीसच्या चाळीस पणत्या पुऱ्या केल्या. "हिला कळत नाही" असं तुम्ही लिहिता. मला तर असं दिसतं की पणत्या कशा हव्यात हे तिला नेमकं कळत होतं. ते दिवसा, तुमच्यासमोर सांगायची सोय तिला नव्हती.

म्हणून तुमचा प्रश्न मी थोडा फिरवून घेतो. वर्ग म्हणजे वेळ घालवणं की पैसे मिळवणं, एवढ्या दोनच खणांत तुम्ही आणि तुमचा मुलगा भांडताय. सत्तावीस वर्षांच्या बाईनं दिवसभरात स्वतःच्या मनानं किती गोष्टी ठरवल्या, हा तिसरा खण कुणी उघडलेला दिसत नाही. कुठला ड्रेस, कुठली भाजी, टीव्हीवर काय, झोपायचं किती वाजता, हे तिच्यासाठी कोण ठरवतं? बहुतेक घरांत आई. प्रेमापोटीच, पण आई. कोऱ्या कागदापुढं मात्र दर मिनिटाला ठरवावं लागतं. लाल की पिवळा, इथं की तिथं, अजून की पुरे. चुकलं तर कुणाचं नुकसान होत नाही आणि चूक समोर दिसत राहते. बौद्धिक दिव्यांग माणसाला ठरवायचा सराव करायला इतकी बिनधोक जागा दुसरी मिळणं अवघड.

हे फक्त चांगल्या वर्गात होतं. वाईट वर्गात मुलं बाईंनी छापून दिलेल्या गणपतीत रंग भरतात. फी भरण्याआधी एकदा, वर्ग चालू असताना जाऊन बघा. आधी भिंत बघा. दहा जणांची दहा चित्रं सारखी दिसली तर समजा की हात शिक्षिकेचा आहे. चित्रं एकमेकांपासून वेगळी असतील, त्यांत दोन-चार अगदी "बिघडलेली" असतील, तर चांगलं लक्षण. मग माणसं मोजा. चार-पाच जणांमागं एक मदतनीस हवा. शिक्षिका प्रश्न विचारल्यावर किती थांबते ते मनात आकडे मोजून बघा. डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसाला ऐकलेलं समजून उत्तर जुळवायला वेळ लागतो. दहापर्यंत मोजायच्या आत प्रश्न परत विचारला की आतली जुळणी मोडते आणि तो पहिल्यापासून सुरुवात करतो. मग आपण म्हणतो, हा बोलतच नाही. शेवटी आवराआवर बघा. ब्रश कोण धुतं, फडकं कोण पिळतं? ते मावशी करत असतील तर निम्मं शिक्षण तिथंच गेलं. स्वतःचा एप्रन स्वतःच्या खुंटीवरून काढणं आणि काम झाल्यावर परत अडकवणं याला चित्राइतकंच महत्त्व आहे.

संकोच न करता हेही विचारा : संडासला जाताना मदत लागली तर कोण करणार, दार कसं ठेवणार, एखाद्याला फिट आली तर काय करता, फोटो काढून मोबाईलवर टाकण्याआधी कुणाला विचारता. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "पालकांना" असं आलं तर म्हणा, माझ्या मुलीलाही विचारा.

आता तुम्हाला लागलेली ती अट. आई शेजारी असली की मुलगी कागदाकडं कमी आणि आईच्या चेहऱ्याकडं जास्त बघते. रंगात ब्रश बुडवते, कागदावर नेते, थांबते, तुमच्याकडं बघते. तुमची भुवई जरा हलली की ब्रश परत पाण्यात जातो. हे एका तासात तीस वेळा झालं तर तीस निर्णय तुमचे झाले. शिक्षिका तुम्हाला नाही, तुमच्या भुवईला बाहेर ठेवतेय. पण तिनं पहिल्याच दिवशी दार लावून घेतलं तर तेही चूक आहे, आणि हे तिच्याशी मोकळेपणानं बोला. पहिले दोन वर्ग तुम्ही खोलीत, पण मुलीच्या पाठीमागं बसा. पुढचे दोन दाराबाहेर. मग अर्धा तास बाजार करून या आणि हळूहळू पूर्ण वेळ. जाताना कधीही नजर चुकवून सटकू नका. एकदा जरी ती वळली आणि तुम्ही दिसला नाहीत, तर पुढचे दोन महिने ती दाराकडंच बघत बसेल. "मी जाते, काटा इथं आला की येते," असं घड्याळावर दाखवून निघा आणि त्या वेळेला खरंच या.

घरातही हात आवरायचा आहे. नियम एकच : तिच्या कागदावर आपला ब्रश टेकवायचा नाही. काही दाखवायचं असेल तर स्वतःसाठी वेगळा कागद घ्या आणि त्यावर दाखवा. ती अडली तर आधी मनात दहापर्यंत मोजा. तरीही अडली तर नुसतं बोट दाखवा, मग एखादा शब्द, मग आपल्या कागदावर करून दाखवणं. हाताला हात सगळ्यात शेवटी, तोही तिला विचारून, आणि तुमचा पंजा खाली, तिचा वर. तिला नको झालं की हात काढून घेता आला पाहिजे. वरून मूठ धरून गिरवून घेतलेलं काम आपलं असतं आणि तिला ते माहीत असतं.

"कुठला रंग घेतेस?" असं विचारून बारा डब्या पुढं मांडल्या की ती गोंधळते, किंवा सवयीनं पहिलीच उचलते. दोन पुढं करा. पुढच्या वेळी त्याच दोन, पण बाजू बदलून. ती रंग निवडतेय की नुसती उजवी बाजू, ते लगेच कळतं. दोनांतली निवड पक्की झाली की तीन. आणि "यातलं कुठलंच नको" हे उत्तर पहिल्या दिवसापासून चालू द्या.

सामानाचं म्हणाल तर या मुलामुलींची बोटं बऱ्याचदा आखूड, सांधे सैल आणि स्नायू मऊ असतात. बारीक ब्रश धरून हात दहा मिनिटांत दमतो आणि आपण म्हणतो, लक्ष लागत नाही. १२ नंबरचा चपटा ब्रश घ्या, दांड्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा किंवा फोमची पट्टी गुंडाळून मूठ जाड करा. कागद ए-थ्री आकाराचा, चित्रकलेचा जाड कार्ट्रिज पेपर. चारही कडांना मास्किंग टेप लावून तो फळीवर चिकटवा आणि फळीखाली दोन विटा ठेवून तिला उतार द्या. कागद सरकत राहिला की दुसरा हात तो धरण्यात अडकतो. पाण्याचं भांडं पसरट, बुडाला जड. स्टीलचा पेला लवंडतोच, आणि लवंडला की घरात जो आरडाओरडा होतो त्यानं महिन्याभराची कमाई जाते.

रंगांपेक्षाही माझा भर मातीवर राहील. माती चुकीला लगेच उत्तर देते आणि ते उत्तर बाईंच्या तोंडून येत नाही. पणतीचंच घ्या. लिंबाएवढा गोळा मळायचा, तळहातावर ठेवून अंगठ्यानं मधे खड्डा पाडायचा, मग गोळा फिरवत फिरवत कड चिमटीनं दाबत जायचं. कड पेन्सिलीच्या जाडीची राहिली की थांबायचं. पाण्याचा हात जास्त लागला तर पणती बसते, कमी लागला तर कडेला चिरा पडतात. चीर दिसली की ओल्या बोटानं पुसायची. ही दुरुस्ती तिची तिला जमते आणि "मोडलं, पण मी नीट केलं" हा अनुभव तिला घरात क्वचितच मिळालेला असतो. सावलीत चार-पाच दिवस वाळवायच्या, पावसाळ्यात त्याच्या दुप्पट. उन्हात ठेवल्या तर वरून वाळतात, आत ओल राहते आणि भट्टीत त्या ओलीची वाफ होऊन फुटतात. पण माती कुंभाराची हवी. गणपतीची शाडू भाजायच्या कामाची नाही, आणि कच्ची पणती तेल पिऊन टाकते. आपल्याकडं गंगावेशीला, शाहूपुरीत, बापट कॅम्पला कुंभार आहेत. माती आणायला तिलाच घेऊन जा. पिशवी तिच्या हातात, पैसेही तिच्या हातून.

किती दिवसांत फरक दिसेल, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तीन महिन्यांनी विचाराल. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ओकलंड इथं १९७४ मध्ये फ्लॉरेन्स लुडिन्स-कॅट्झ आणि एलियास कॅट्झ या दांपत्यानं 'क्रिएटिव्ह ग्रोथ' नावाचं दिव्यांग प्रौढांसाठीचं कलाकेंद्र सुरू केलं. जुडिथ स्कॉट तिथं १९८७ मध्ये आली. जन्म १९४३ चा, डाऊन सिंड्रोम, आणि त्याआधीची पस्तीस वर्षं आश्रमासारख्या संस्थांत गेलेली. जुळ्या बहिणीनं तिला तिथून बाहेर काढलं. केंद्रात आल्यावर जवळजवळ दोन वर्षं तिनं नाव घेण्यासारखं काहीच केलं नाही. समोर कागद होता, रंग होते, तिला त्यात रस नव्हता. मग एक दिवस दोरे-लोकरीच्या कामाचा वर्ग भरला आणि ती हाताला येईल त्या वस्तूभोवती सूत गुंडाळू लागली. २००५ मध्ये वारली तोवर ती गुंडाळतच होती, आणि आज तिची शिल्पं मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. तुमची मुलगी जगप्रसिद्ध होईल म्हणून हे सांगत नाही. ती दोन वर्षं तिला कुणी घालवून दिलं नाही, आणि कागद जमला नाही तेव्हा सूत पुढं आलं, हे लक्षात राहावं म्हणून सांगतो. तुमच्या मुलीला चित्रापेक्षा लेझीम, हलगी, नाटक यांपैकी काही जास्त भावेल. ती सोय ठेवा.

जुडिथची आणखी एक बाब आपल्या उपयोगाची आहे. तिला ऐकू येत नाही हे लहानपणी कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. तोंडी चाचण्या घेऊन तिला "शिकण्यालायक नाही" ठरवलं गेलं. म्हणून वर्ग सुरू करण्याआधी कान आणि डोळे तपासून घ्या, थायरॉइडची रक्तचाचणी करा. डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉइड मंदावणं आणि ऐकू कमी येणं नेहमीचंच आहे, आणि दोन्ही वरून "आळस" किंवा "हट्ट" दिसतात. वर्गात नाच असेल तर मानेचं सांगून ठेवा. यांच्या मानेच्या वरच्या मणक्यांचा सांधा काही जणांत सैल असतो. कोलांट्या आणि मानेला झटके नकोत. मान दुखणं, चाल बदलणं, लघवीवर ताबा न राहणं यांपैकी काहीही दिसलं तर सगळं थांबवून ताबडतोब डॉक्टरांकडं.

एक वही करा. चित्र कसं झालं ते त्यात लिहू नका. "आज न सांगता काय केलं", एवढी एकच ओळ दर वर्गाच्या दिवशी. "ब्रश धुतला." "शेजारच्या मुलाला पाणी दिलं." "पिवळा नको म्हणाली." तीन महिन्यांत साधारण २५ ओळी होतील. त्या वाचून फीचा निर्णय घ्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर किंवा आजारपणानंतर ती मागं गेल्यासारखी वाटेल. तीन-चार वर्ग जाऊ द्या.

येण्याजाण्याचंही बघू, कारण स्वतंत्र होणं वर्गाच्या दारातच सुरू होतं. केएमटीच्या बसनं एकटीनं जायला शिकवायचं तर शेवटच्या टप्प्यापासून सुरू करा. आधी फक्त वर्गासमोरचे शेवटचे शंभर पावलांचे अंतर तिचं, तुम्ही पाच पावलं मागं. मग वीस पावलं मागं. ते पक्कं झालं की स्टॉपवर उतरून वर्गापर्यंत, मग बसमध्ये तिकीट काढणं, आणि घराजवळचा स्टॉप सगळ्यात शेवटी. प्रत्येक टप्पा तीन-चार आठवडे. रस्ता ओलांडणं वेगळं शिकवा, सिग्नलवर, गर्दी नसताना. घोळ कुठं होतो ते आधीच सांगतो : नवरात्रात आणि गणपतीच्या मिरवणुकीला गावातले रस्ते बंद होतात, बस दुसरीकडून जाते, ओळखीचा चौक येतच नाही आणि माणूस घाबरतो. अशा दिवशी मुद्दाम एकदा तिच्याबरोबर जा आणि कंडक्टरला कार्ड दाखवून "मला इथं जायचंय" म्हणायचा सराव करून घ्या. कार्डावर नाव आणि दोन फोन नंबर पुरे. हे सगळं करूनही ती बसनं एकटी जाणार नाही, असंही होईल. ठरलेल्या रिक्षातून जाऊन भाडं स्वतः मोजून दिलं तरी मी ते स्वतंत्र जाणंच धरतो.

आता तुमच्या मुलाशी बोलू. त्याचा हिशेब खरा आहे. धरा, न रंगवलेली पणती ३ रुपयांची, रंग २ रुपयांचा, विकली १० ला. चाळीस पणत्यांवर २०० रुपये सुटले. यात कुणाचं पोट भरत नाही. पण पापड पॅकिंगला बसवलेली किती मुलं आठ-पंधरा दिवसांत परत येतात, तेही त्यानं विचारून बघावं. काम जमत नाही म्हणून क्वचित. माल संपला हे सांगता येत नाही, दमलो म्हणून थांबायचं कळत नाही, कुणी रागावलं की दुसऱ्या दिवशी पाय निघत नाही, म्हणून येतात. पाऊण तास एका जागी बसणं, संपलं की मागणं, बिघडलं की पुन्हा करणं, हे सगळं मातीच्या टेबलावर घडतं. म्हणून दोन दिवस वर्ग ठेवा आणि पॅकिंगचं काम मिळत असेल तर उरलेल्या दिवसांत तेही सुरू करा. तिला विचारून.

विक्री करायची तर तुमचा हात लागलेली वस्तू तिच्या नावावर विकू नका. लोक कौतुक करतात तेव्हा ते कुणाचं चाललंय हे तिला समजतं. आलेल्या पैशांतली शंभराची नोट तिच्या हातात द्या आणि दुकानात तिचा रंग तिला घेऊ द्या. शाहू स्मारकच्या कलादालनात प्रदर्शन असलं की तिला बघायला न्या, घाई न करता. कोणत्या चित्रापुढं ती थांबते ते बघा.

"आमच्या माघारी काय", याचं उत्तर रंगपेटीत नाही, हे तुम्ही बरोबर ओळखलंत. त्याची कामं वेगळी आहेत आणि ती याच वर्षी करा. अठरा पूर्ण झाल्यावर आई-वडील आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार बौद्धिक दिव्यांगांसाठी कायदेशीर पालक नेमण्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडं करावा लागतो. त्याच न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंत आरोग्य विमा मिळतो. युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर आधी ते काढा. आणि भावानं बोलता बोलता "असले लाड" म्हटलं तर त्याला सांगा, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा हक्क कलम २९ मध्ये लिहिलेला आहे. याच कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी चाकाच्या खुर्चीवर बसून १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड' उभी केली. खुर्चीवरचा माणूस स्वतःचं ठरवू शकतो, हे या गावानं मान्य केलं. बौद्धिक दिव्यांगांना मात्र आपण अजून तिशीतसुद्धा "बाळ" म्हणतो.

पण वर्गाचा त्या प्रश्नाशी काहीच संबंध नाही, असंही नाही. तुमच्या माघारी जो कुणी तिला सांभाळेल, त्याला ती "मला हे नको" म्हणू शकली पाहिजे, आणि घराबाहेर तिला नावानं ओळखणारी, ती दोन दिवस दिसली नाही तर चौकशी करणारी पाच-सहा माणसं असली पाहिजेत. आज ती माणसं किती आहेत, मोजून बघा.

त्या निळ्या पणत्यांतली एखादी घरात असेलच. पहिल्या दिवशी वर्गाला जाताना तिला विचारा, न्यायची का. हो म्हणाली तर कागदात गुंडाळून पिशवीत तिनंच ठेवावी. वर्गात ती कुणाला आणि कधी दाखवायची, तेही तिच्यावर सोडा. तुम्ही मागं बसा.